विहिरीचा काठ आणि उतरणारा समुद्र : अकरावीच्या वर्गातलं एक प्रकरण

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. हे प्रकरण एका विद्यार्थिनीच्या एकाच प्रश्नाचं आहे. दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात तिनं तो विचारला आणि वर्गाच्या हाती त्याचं उत्तर लागायला जानेवारीचा शेवट उजाडला. मधल्या काळात काय काय घडलं, कुठे मी चुकलो, कुठे मुलं माझ्या पुढे गेली, हे इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रसंग

त्या दिवशीचा विषय समुद्रपातळीचा होता. मी दोन बंदरांच्या भरतीमापकांचे आलेख छापून आणले होते. कागदाच्या एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला स्वीडनमधलं स्टॉकहोम, आणि दोघांत मिळून एक कागद. मुंबईच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. रेघ दातेरी असली तरी एकूण चढती आहे, शंभर वर्षांत सात-आठ सेंटिमीटर. बर्फ वितळतो, ते पाणी समुद्रात येतं, शिवाय तापलेलं पाणी फुगतं, एवढं सांगून मी पुढे निघालो होतो.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं कागद उलटा केला, सुलटा केला, मग खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. छपाईत चूक झाली असावी असं तिला वाटलं होतं.

"सर, हितं तर समुद्र खाली जाऊलालाय की ओ. बरफ तर सगळ्यांसाठीच वितळतोय ना?"

स्टॉकहोमची रेघ उतरती होती, आणि उतार थोडाथोडका नव्हता. शंभर वर्षांत पस्तीस-चाळीस सेंटिमीटर. मुंबईचा चढ त्यापुढे चिमूटभर वाटावा.

मी काय उत्तर दिलं ते लिहिणं भाग आहे, कारण प्रकरण तिथून बिघडलं. "तो थंड मुलूख आहे, पाणी गोठत असेल, काहीतरी स्थानिक कारण असेल," असं म्हणून मी तास पुढे रेटला. तिनं वहीत 'स्थानिक कारण' असं लिहिलं आणि ती खाली बसली. ते दोन शब्द घरी पोचेपर्यंत मला टोचत राहिले. हिवाळ्यात गोठलेलं पाणी उन्हाळ्यात सुटतं; शंभर वर्षांचा उतार त्यातून कसा निघेल? खरं उत्तर मला पदवीला शिकवलेलं होतं. समस्थायित्व, हिमयुग, स्कँडिनेव्हियाचं उत्थान, अशी पाच गुणांची टीप मी स्वतः लिहिली होती. पण ती टीप आणि समोरचा हा आलेख यांची गाठ माझ्याच डोक्यात कधी पडली नव्हती.

मुलांच्या मनात काय होतं

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की कालचं उत्तर चुकीचं होतं, ते वहीतून खोडा. मग प्रत्येकाला अर्धं पान लिहायला लावलं : स्टॉकहोमला समुद्र का उतरत असेल?

सर्वांत जास्त कागदांवर एकच गोष्ट होती. पाणी कमी पडलं. कुणी उपसा लिहिला, कुणी बाष्पीभवन, कुणी 'नद्या आटल्या असतील'. यात मला नवल वाटलं नाही. ही मुलं लहान होती तेव्हा, २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. बोअर आटतं, विहीर तळाला जाते, टँकर येतो. पाण्याची पातळी खाली गेली म्हणजे पाणी संपत चाललं, हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही.

काहींनी भूकंप लिहिला. त्याबद्दल पुढे येईलच.

एका मुलानं मात्र लिहिलं होतं : "पावसाळ्यात काळी माती फुगते तसा तिकडचा किनारा फुगला असेल." त्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली, शाबासकीची. त्याचं कारण चूक होतं. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तो मातीतल्या चिकणखनिजांचा गुण आहे, वरच्या काही हातांपुरता, आणि दरवर्षी तो पलटतो. तरीही पूर्ण वर्गात पाण्याऐवजी जमिनीवर संशय घेणारा तो एकटाच होता. बाकी सगळ्यांनी, आणि आदल्या दिवशी मीही, जमीन जागची हलत नाही असंच गृहीत धरलं होतं.

मी त्याला विचारलं, तुझ्या विहिरीत पाणी किती खाली आहे हे कसं सांगतोस? "काठावरनं. दोर सोडायचा, चार परस लागला की चार परस."

"आणि काठच वर सरकला तर?"

तो थांबला. मग म्हणाला, "दोर जास्त लागंल. आपल्याला वाटंल पाणी खाली गेलं."

सगळं प्रकरण या उत्तरात मावतं. भरतीमापक किनाऱ्यावरच्या खडकात किंवा धक्क्यात रोवलेला असतो. तो पाण्याची उंची सांगतो, पण स्वतः ज्या जमिनीवर उभा आहे तिच्या हिशोबानं. पाणी एक बोट चढलं आणि जमीन दोन बोटं चढली, तर यंत्र म्हणणार की समुद्र एक बोट उतरला. स्टॉकहोमची जमीन वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर वर येते आहे.

सेल्सियसची खूण

तापमानाच्या अंशांना ज्याचं नाव आहे तो अँडर्स सेल्सियस. मुलांना तो थर्मामीटरवरून माहीत होता. या माणसानं १७३१ मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यावर, येव्हले शहराजवळच्या लोव्हग्रुंड बेटावर, एका मोठ्या खडकावर त्या वेळच्या पाण्याच्या पातळीला खूण कोरवली. त्याला हा खडक निवडायचं सुचलं ते सीलमुळे. सील पाण्याच्या अगदी कडेला असलेल्या, जेमतेम वर डोकावणाऱ्या खडकांवर येऊन पडतात. अशा खडकांवर शिकारीचा हक्क असे, तो वारशानं जाई, त्याची कागदपत्रं होत. पण पिढ्या उलटल्या की खडक पाण्यातून इतका वर येई की सीलला चढता येईना, आणि त्याची किंमत पडे. जुने दस्तऐवज चाळून सेल्सियसनं हिशोब मांडला की पाणी शंभर वर्षांत सव्वा मीटरहून अधिक उतरतं आहे. आजचा त्या भागातला वेग याहून कमी आहे, पण दिशा त्यानं बरोबर पकडली होती.

निष्कर्ष मात्र त्यानं काढला तो आमच्या वर्गातल्या बहुसंख्य कागदांसारखाच : पाणी घटतं आहे. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गाची मान जरा ताठ झाली. एवढा मोठा शास्त्रज्ञ तिथेच अडला जिथे आपण अडलो.

त्या किनाऱ्यावरच्या लोकांना मात्र ही गोष्ट पोटापाण्याची होती. उत्तरेकडचं लुलिओ हे गाव १६२१ मध्ये बंदर म्हणून वसवलं. तीसेक वर्षांत धक्का इतका उथळ झाला की १६४९ मध्ये गाव उचलून समुद्राच्या दिशेनं काही कोस पुढे न्यावं लागलं. जुनं गाव, दगडी चर्चभोवतीच्या लाकडी घरांसकट, आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. पलीकडे, फिनलंडच्या अंगाला क्वार्केन नावाचा बेटांचा पुंजका आहे; तिथे दरवर्षी सुमारे १०० हेक्टर नवी जमीन पाण्यातून वर येते. शंभर हेक्टर म्हणजे अडीचशे एकर. हा आकडा ऐकून मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला तो असा : "सर, तिचा सातबारा कुणाच्या नावावर?" मला तो प्रश्न फार आवडला. जमीन वाढते हे त्याला एव्हाना पटलं होतं म्हणूनच तो हक्काकडे वळला.

पाणी घटतं की जमीन चढते, याचा निवाडा कसा झाला? युक्तिवाद साधा आहे. पाणीच घटत असेल तर ते सगळीकडे सारखं उतरायला हवं. एकाच समुद्राच्या उत्तर टोकाला भराभर आणि दक्षिण टोकाला जवळजवळ नाहीच, असं होणार नाही. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताच्या वरच्या भागात जमीन वर्षाला ९-१० मिलिमीटर चढते, स्टॉकहोमला त्याच्या निम्मी, आणि स्वीडनच्या दक्षिण टोकाला हा वेग शून्याजवळ येतो. नकाशावर या वेगांच्या रेषा काढल्या तर उलट्या ठेवलेल्या परातीसारखा आकार दिसतो. परातीचं पोट बरोबर तिथे आहे जिथे शेवटच्या हिमयुगात बर्फ सर्वांत जाड होता. वीसेक हजार वर्षांपूर्वी त्या जागी ३ किलोमीटरपर्यंत जाडीची हिमचादर होती. तिच्या वजनानं जमीन दबली, ती गेल्यावर उठू लागली, ही कल्पना १८६५ मध्ये टॉमस जेमिसन यानं स्कॉटलंडच्या किनाऱ्यांचा अभ्यास करताना मांडली.

आजी

भूकंप लिहिणाऱ्या कागदांकडे येतो. प्रश्न विचारणारी मुलगी किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावातली. पालकभेटीला तिची आजी आली. नातीनं घरी सांगितलं होतं की सर जमीन वर-खाली होते असं शिकवतात. आजी माझ्यासमोर बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "जमीन हालती ते आमाला सांगू नगा गुरुजी. आमी बघितलंय."

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती, माळवदं, आणि त्याखाली हजारो माणसं. आमच्या तालुक्यातल्या मुलांनी हे पाहिलेलं नाही, पण 'जमीन हलणे' या शब्दांना त्यांच्या घरात जो अर्थ आहे तो हा आहे. मी 'उत्थान' हा शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा तो कुणाच्या कानात कसा उतरतो, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता.

म्हणून पुढच्या तासाला मी आधी हे वेगळं केलं. किल्लारीचं कारण बर्फ नाही. भारताचं भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे सरकतं आहे आणि हिमालयाला भिडून दाबलं जातं आहे. तो दाब जुन्या, मुजलेल्या भेगांवर साचत राहतो आणि एखाद्या पहाटे काही सेकंदांत सुटतो. स्वीडनची जमीन उठते ती वर्षाला बोटाच्या पेरापेक्षा कमी, शतकानुशतकं. वर राहणाऱ्या माणसाच्या कपातला चहाही हिंदकळत नाही.

या दोन गोष्टी अगदीच अनोळखी आहेत असं मात्र नाही, आणि हेही मी मुलांपासून लपवलं नाही. उत्तर स्वीडनमध्ये पार्व्ही नावाची दीडशे किलोमीटरहून लांब भेग आहे. जमीन तिथे काही ठिकाणी १० मीटरपर्यंत उसळलेली दिसते. हिमचादर हटत होती त्या काळात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, तिथे प्रचंड भूकंप झाला. एवढं मोठं ओझं उतरताना खालचा खडक नेहमी गुपचूप सावरतो असं नाही.

परात

एवढं होऊनही एक गोष्ट वर्गाच्या गळी उतरेना. बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली म्हणता, मग जमीन अजून कशी चढते? गादीवरून माणूस उठला की गादी लगेच वर येते.

प्रश्न रास्त होता. जमिनीच्या वागण्यात गादीचाही अंश आहे. ओझं हटलं की तिचा काही भाग तत्काळ उसळतो, स्प्रिंगसारखा. पण मोठा वाटा सावकाश येतो, कारण कवच ज्यावर टेकलेलं आहे त्या प्रावरणातला खडक वाहून परत जागेवर यावा लागतो. इथे मुलांच्या मनात लगेच खाली उकळणारा लाव्ह्याचा समुद्र येतो. तो चुकीचा आहे. प्रावरण घन आहे. हातोडा मारला तर खडकासारखंच वाजेल. मात्र हजारो वर्षांच्या हिशोबात तेच घट्ट पाकासारखं सरकतं. त्याची श्यानता १ वर २१ शून्यं इतके पास्कल-सेकंद आहे, म्हणजे हा पाक किती घट्ट याची कल्पना करायला आपली कुठलीच उपमा पुरत नाही.

तरी उपमा लागतेच. जानेवारीत गुऱ्हाळं चालू होती. एका मुलानं डब्यातून काकवी आणली. सुतारानं कापून दिलेली प्लायवूडची ताटाएवढी चकती, किराणा दुकानातलं दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन आणि एक पट्टी, एवढंच सामान.

पहिला प्रयोग फसला. दुपारची वेळ, खोल पातेलं. वजन उचलताच चकती टुणकन वर आली आणि मुलं हसली. आम्ही विचार केला. ऊन लागून काकवी पातळ झाली होती आणि खाली वाहायला तिला मोकळी जागाही भरपूर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, हात गारठत असताना, परातीत बोटभर काकवी ओतली. चकती ठेवली, त्यावर वजन. चकती रुतत रुतत जवळजवळ तळाला टेकली. काकवी कडेनं वर आली आणि चकतीभोवती तिचा तांबूस, चकाकणारा काठ उभा राहिला. मग वजन उचललं.

पहिले काही क्षण काहीच झालं नाही. एक जण म्हणाला, "चिकटली." पट्टीवर डोळा लावून बसलेली ती तिसऱ्या बाकावरची मुलगी हात वर करून सगळ्यांना गप्प करत होती. चकतीखालच्या पातळ फटीतून काकवीला आत शिरायला वेळ लागत होता. मग चकती केसभर उचलली गेली. पुन्हा केसभर. दीडेक मिनिटांनी ती आधीच्या खुणेला आली. वजन तोवर बाकाच्या दुसऱ्या टोकाला पडलेलं होतं.

"बरफ कवाच गेलाय," ती पट्टीवरून नजर न काढता म्हणाली, "जमीन आत्ता चढूलालीय."

आणखी एक गोष्ट मुलांनी आपणहून पाहिली : चकती चढत असताना भोवतीचा तो उभारलेला काठ खचत होता. हे मी शिकवायचं ठरवलंच नव्हतं. हिमचादरीच्या भोवती, ओझ्याखालून सरकलेल्या खडकामुळे, जमीन थोडी फुगलेली होती. आता आतली जमीन उठते आहे तशी ही बाहेरची कड बसते आहे. नेदरलँड्स, इंग्लंडचा दक्षिण भाग, अमेरिकेचा चेसापीक उपसागराभोवतालचा किनारा या बसणाऱ्या कडेवर आहेत. तिथे समुद्र चढतो आणि जमीनही खचते, म्हणजे दोन्हीकडून मार. आमची परात लहान, त्यामुळे तिथली कड काठाला अडूनही वर आली होती, हे मी मुलांना सांगितलं. पण खचणारी कड त्यांच्या लक्षात राहिली ती कायमची.

स्वीडनच्या 'उंच किनारा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात जुन्या समुद्रकाठाच्या खुणा आजच्या पाण्यापासून २८६ मीटर वर, डोंगरात सापडतात. मुलांनी भागाकार केला. साडेदहा हजार वर्षांत २८६ मीटर म्हणजे वर्षाला सरासरी २७ मिलिमीटर. आज तिथला वेग ८ च्या आसपास आहे. याचा अर्थ आधी जमीन झपाट्यानं उठली आणि आता दमानं घेते आहे.

वजनाचा हिशोब

"मग माकणीच्या धरणानं बी जमीन दबली का?" हा प्रश्न येणारच होता. निम्न तेरणा प्रकल्पाचं, म्हणजे याच माकणीच्या धरणाचं, नाव किल्लारीच्या संदर्भात आमच्या भागात तेव्हापासून घेतलं जातं आणि त्यावर शास्त्रज्ञांतही वाद झडले आहेत. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी धरणालगत मोठा भूकंप झाला, तो जलाशयाशी जोडला जातो. पण तिथे पाण्याचं काम जमीन खोल दाबण्याचं नाही. आधीच ताणलेल्या भेगेत पाण्याचा दाब शिरतो आणि ती सुटायला निमित्त मिळतं.

नुसतं ओझं किती, हे पाहायला आम्ही मराठवाड्यातलं सर्वांत मोठं धरण घेतलं. जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरला की त्यात सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी असतं, पसरलेलं साडेतीनशे ते चारशे चौरस किलोमीटरवर. सरासरी खोली सात-आठ मीटर, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सात-आठ टन. आता ३ किलोमीटर बर्फ. त्याचा चौरस मीटरवरचा भार सुमारे २,७५० टन. आणि नाथसागर चाळीस-पन्नास किलोमीटर लांबीचा, तर ती हिमचादर अख्खं स्कँडिनेव्हिया व्यापून बसलेली, हजारो वर्षं. जाड कवचाला लहान ओझं तोलता येतं. पसरट आणि जड ओझ्याखाली मात्र ते वाकतं. बर्फाची घनता आणि प्रावरणाच्या खडकाची घनता यांचा भागाकार करून मुलांनीच काढलं : ३ किलोमीटर बर्फ पुरेसा काळ बसला तर जमीन आठशे मीटरहून अधिक खाली जाऊ शकते. फळ्यावर ८३४ हा आकडा आला तेव्हा कुणीतरी हळूच विचारलं, "आपल्या औश्याची उंची किती हो सर?"

ही सगळी विचारसरणी जिथून निघाली ती जागा आमच्यापासून लांब नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालली होती. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचं कलियाना यांच्यातलं अंतर जमिनीवरून मोजलेलं आणि ताऱ्यांवरून काढलेलं जुळेना, फरक कोनाच्या ५.२३६ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरचा. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, असं म्हणून कलकत्त्याचे पाद्री प्रॅट यांनी ती ओढ मोजली, तर ती १५ सेकंदांहून अधिक निघाली, प्रत्यक्षाच्या तिप्पट! मग इतका मोठा पर्वत इतका कमी का ओढतो? १८५५ मध्ये इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी सुचवलं की पर्वताला खाली हलक्या खडकाचं मूळ आहे, लाकडाचा ओंडका पाण्यात तरंगताना खाली बुडालेला असतो तसं. समस्थायित्वाचा, म्हणजे कवच खालच्या खडकावर तरंगत तोल राखतं या कल्पनेचा, जन्म तो. कल्याणपूरची रेखावृत्त रेषा नकाशावर सरळ दक्षिणेला आणली की ती नांदेड जिल्ह्यात भोकर, बिलोलीच्या अगदी जवळून जाते. मुलांनी पट्टी लावून पाहिली. भोकरला एकाचा मामा होता. त्यानं तिथेच पेन्सिलीनं फुली मारली.

आणि बर्फाचं म्हणाल तर तोही इथे होऊन गेला आहे. चंद्रपूरजवळ इरई गावी, पैनगंगेच्या काठावर, हिमनदीनं घासून ओरखडलेला खडक आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता तेव्हाचा. हिंगोली-नांदेडच्या शिवेवरून वाहणारी तीच ही पैनगंगा.

आपल्याला काय त्याचं

शाळेच्या समितीतल्या एका सदस्यांनी मला हाच प्रश्न केला : स्वीडनची जमीन वर आली काय नि खाली गेली काय, आपल्या पोरांना त्याचं काय?

मी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे हिमचादर इतकी जड असते की ती समुद्राचं पाणीही स्वतःकडे ओढून धरते. ग्रीनलंडचा बर्फ वितळला की ही ओढ सैल होते, खालची जमीन उठते, आणि ग्रीनलंडच्या आसपास समुद्र चक्क उतरतो. ते पाणी दूर जातं. दूर म्हणजे विषुववृत्ताकडे, आपल्या किनाऱ्याकडेही. दोन हजार किलोमीटरच्या आतल्यांना उतार आणि लांबच्यांना सरासरीहून जास्त चढ. आमच्या गावांतली किती कुटुंबं मुंबईत, ठाण्यात आहेत हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट पाण्याच्या मोजणीची. २००२ मध्ये ग्रेस नावाचे जुळे उपग्रह सोडले गेले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून ते फिरत आणि त्या अंतरातल्या सूक्ष्म फरकांवरून खालचं वस्तुमान कमी-जास्त झालेलं ओळखत. भूजल किती उपसलं, अंटार्क्टिकाचा बर्फ किती गेला, हे त्यावरून निघतं. पण अंटार्क्टिकाखाली, बर्फ हलका झाल्यानं, खडकही परत सरकत असतो आणि तोही वजनात धरला जातो. तो वजा केला नाही तर बर्फाचा हिशोब चुकतो. पश्चिम अंटार्क्टिकात एका ठिकाणी जमीन वर्षाला ४१ मिलिमीटर वेगानं उठताना मोजली आहे. तिथलं प्रावरण जास्त उष्ण आणि मऊ आहे. म्हणजे पाणी मोजायचं तर जमिनीचं चढणं-उतरणं आधी कळायला हवं.

निकाल

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी तोच प्रश्न पुन्हा लिहायला दिला. 'पाणी कमी पडलं' हे उत्तर जवळजवळ नाहीसं झालं होतं. भूकंप तीन-चार कागदांवर अजूनही होता. त्यातले दोघे किल्लारी भागातले होते आणि मी त्यांना गुण कमी दिले नाहीत, समोर बसवून बोललो. एक नवी चूक मात्र मीच पेरली होती : काहींनी लिहिलं की जमिनीखाली काकवीसारखा द्रव आहे. प्रावरण घन असतं हे मी सांगितलं होतं, पण परात डोळ्यांसमोर होती आणि वाक्य कानावरून गेलेलं. यंदा प्रयोगाआधीच मी दगडाचा तुकडा आणि मेणाची कांडी दाखवणार आहे. मेण हातानं मोडतं, आणि तीच कांडी उन्हाळाभर दोन विटांच्या आधारावर आडवी ठेवली की मधोमध वाकते.

एक बदल मी कायमचा केला आहे. समुद्रपातळीचा कुठलाही आलेख वर्गात दाखवताना पहिला प्रश्न विचारतो : हे कशावरून मोजलं? स्टॉकहोमचाच आलेख अलीकडच्या दशकांत पाहा. उताराचा वेग मंदावतो आहे. जमीन तितक्याच वेगानं चढते आहे, पण जगाचा समुद्रच आता वर्षाला ३ मिलिमीटरहून अधिक चढू लागला आहे. त्या एका रेघेत दहा हजार वर्षांपूर्वी संपलेला बर्फ आणि आज वितळणारा बर्फ, दोन्ही आहेत.

मेमध्ये त्या मुलीनं मला त्यांच्या शेतातल्या विहिरीवर नेलं. पाणी बरंच खाली होतं. वर सिमेंटचा कठडा होता, काळ्या मातीत उभा, एका अंगाला कललेला आणि तडकलेला. ती म्हणाली, दरवर्षी पावसात तो हलतो, म्हणून त्यावरून मोजायचं तिनं सोडून दिलंय. मग पायऱ्यांनी आम्ही आत उतरलो. माती संपली, मुरूम संपला, काळा पाषाण लागला. त्या पाषाणात छिन्नीनं तिच्या भावानं आडवी रेघ मारलेली होती आणि शेजारी तारीख. तिथून खाली पाण्यापर्यंत ती दोर सोडते आणि वहीत लिहिते. वहीच्या पहिल्या पानावर तिनं मथळा घातला होता : 'खूण खडकात आहे. खडक जागेवर आहे असं धरलं आहे.'